पहारा कुणी करायचा?

१९७९ साली जेरुसलेमच्या हिन्नोम खोऱ्यातलं एक जुनं थडगं खणताना पुरातत्त्वज्ञ गाब्रिएल बर्काय यांच्या चमूला चांदीच्या पत्र्याच्या दोन गुंडाळ्या सापडल्या. विडीच्या थोटकाएवढ्या. सुमारे २६०० वर्षं त्या तशाच पडून होत्या, आणि तुकडे न पाडता त्या उलगडायला आणखी तीन वर्षं गेली. मोठी पट्टी उलगडल्यावर जेमतेम १० सेंटिमीटर लांब भरली. तिच्यावर केसासारख्या बारीक रेघांनी कोरलेली हिब्रू अक्षरं होती. त्यात पुरोहितांनी लोकांना द्यायच्या आशीर्वादातले शब्द होते, आणि त्यांतला एक होता ‘यिश्मेरेखा’, म्हणजे ‘तो तुला राखो’. थोडक्यात, कुणीतरी गळ्यात घातलेला ताईतच तो.

त्या शब्दाचा धातू ‘शामार’. कळप राखणं, बाग राखणं, रात्री वेशीवर पहारा देणं, या सगळ्याला हिब्रूत हेच क्रियापद. आता गंमत बघा. चांदी आणि ‘शामार’ ही जोडी हिब्रू बायबलातही एका ठिकाणी भेटते, पण तिथं ताईत नाही. ‘मिश्ले’, म्हणजे आपल्या मराठी बायबलातलं ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तक, त्याचा दुसरा अध्याय. एक बाप मुलाला सांगतो की शहाणपण चांदीसारखं शोध, पुरलेलं धन हुडकावं तसं हुडक, मग ते तुला राखेल.

चांदीच का? त्या भूमीत तांबं होतं, तिम्नाच्या खाणी आजही बघायला मिळतात. चांदीच्या खाणी मात्र नव्हत्या. चांदी यायची दूरवरून, आणि नाणी पाडण्याआधीच्या काळात ती तुकड्या-तुकड्यांनी तागडीत तोलली जायची. नाण्याचं ‘शेकेल’ हे नावही मूळचं वजनाचंच. हेब्रोनच्या दक्षिणेला एश्तेमोआ इथं १९६८ साली जमिनीखाली पाच मडकी मिळाली, चांदीच्या तुकड्यांनी आणि मोडक्या दागिन्यांनी भरलेली. सगळी मिळून २५ किलोंच्या वर! कुणी पुरली, परत का आला नाही, देव जाणे. बाप ‘पुरलेलं धन’ म्हणतो तेव्हा मुलाच्या डोळ्यांपुढे असलंच एखादं मडकं येत असणार.

पण खरा चकित करणारा भाग पुढे आहे. हा अख्खा अध्याय म्हणजे एकच वाक्य. ‘माझ्या मुला’ अशी हाक, मग ‘जर’, ‘जर’, ‘जर’. मग ‘तर’ आणि पुन्हा ‘तर’. मग ‘तुला सोडवायला’, पुन्हा ‘सोडवायला’. आणि शेवटी ‘म्हणजे मग’. ओळींच्या जोड्या २२, आणि हिब्रू मुळाक्षरंही २२. पहिल्या अकरा जोडओळींत ‘जर’ आणि ‘तर’साठी येणारे शब्द आलेफनं सुरू होतात, आलेफ म्हणजे पहिलं अक्षर. बाराव्या जोडओळीला ‘सोडवायला’ येतं आणि ते सुरू होतं लामेदनं. लामेद हे बारावं अक्षर! तिथून पुढची सगळी वळणं लामेदवर. कडव्यांची मापं ४, ४, ३ आणि पुन्हा ४, ४, ३. वचनांना छापील क्रमांक पडले ते फार नंतर, पण जोडओळी कवीच्याच. बोटांवर मोजून बसवलेलं काम आहे हे. बापानं ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळं सांगितलं, असंच जणू त्या बांधणीतून कळतं.

या वाक्यात ‘शामार’ तीनदा येतं, आणि मला विचाराल तर सगळा ऐवज तिथंच आहे. आठव्या वचनात राखणारा देव आहे. तो आपल्या भक्तांची वाट राखतो. अकराव्यात राखण करते माणसाच्या आतली समज. आणि विसाव्यात? तिथं राखणारा तो मुलगाच. सज्जनांच्या वाटा आता त्यानंच राखायच्या. रात्रपाळीचा पहारेकरी बदलावा तसा पहारा हातोहात पुढे जातो आणि शेवटी ज्याला राखायचं होतं त्याच्याच हाती येतो. ताईत असं करत नाही. तो गळ्यात असतो तोवरच.

अकराव्या वचनात त्या समजेला वापरलेला शब्द आहे ‘मेझिम्मा’. मोठा बेरकी शब्द. याच पुस्तकात दुसरीकडे तो कपट, कारस्थान या अर्थानं येतो. म्हणजे डाव ओळखण्याची ही हुशारी, जी डाव टाकायलाही लागते. भोळेपणाला इथं फारसा मान नाही. शहाणपणाचा मूळ शब्द ‘होख्मा’ तर सरळ कारागिराच्या हातचा आहे. बायबलात देवासाठी उभारलेल्या निवासमंडपाचं काम करणारा बसालेल, सूत कातणाऱ्या बाया, यांच्या कसबाला होख्माच म्हटलंय. एका स्तोत्रात वादळात सापडलेल्या खलाशांची होख्मा गिळली जाते. त्यांचं सुकाणूवरचं कसबच चालेनासं होतं.

आणि राखायचं कशापासून? दुष्काळ, रोगराई, लांडगा यांचं नाव नाही. धोके दोनच. उलटसुलट बोलणारा पुरुष आणि गुळगुळीत बोलणारी परकी स्त्री. दोघांचंही हत्यार जीभ! बाईला अशी धोक्याची पाटी लावणं ही जुनी पुरुषी नजर, ते बाजूला ठेवूच. पण हिब्रूत शहाणपणही स्त्रीलिंगी आहे, आणि आधीच्याच अध्यायात तीही बाईच होऊन भर चौकात ओरडून माणसांना हाका मारते. म्हणजे चारी बाजूंनी बोलणंच ऐकू येणार, कुणाचं ऐकायचं ते कानाला कळलं पाहिजे. फोनवर कुणी गोड आवाजात ओटीपी मागतं तेव्हा कामाला येते ती हीच मेझिम्मा.

‘शामार’ आपल्याकडे कोकणातही येऊन राहिलंय. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा नावाची छोटी डबी असते. आत चर्मपत्र, आणि त्यावर देवाचं ‘शद्दाय’ हे नाव. त्याच्या तीन अक्षरांची परंपरेनं केलेली फोड ‘शोमेर दल्तोत इस्राएल’, म्हणजे इस्राएलाची दारं राखणारा. ‘शोमेर’ म्हणजे शामार करणारा.

पंडिता रमाबाईंनी उतारवयात केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, भाषांतर छापून आलं १९२४ साली. ते मिळालं तर ते, नाहीतर कुठलंही मराठी बायबल घ्या, नीतिसूत्रांचा दुसरा अध्याय काढा आणि पहिलं ‘तर’ येईपर्यंत किती ‘जर’ लागतात ते मोजा. हिब्रूत तीन आहेत.