दोन राजवाडे, एक अल्बम

१९१० साल संपत आलं होतं. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते आणि त्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. त्याच सुमारास, मंडालेत राज्य केलेला थिबा राजा रत्नागिरीत सरकारने बांधलेल्या नव्या राजवाड्यात राहायला आला. दोघंही इंग्रजांचे कैदी. एकाचं गाव दुसऱ्याचा तुरुंग झालं होतं.

रत्नागिरीच्या माणसाला यातला निम्मा भाग लहानपणापासून ठाऊक असतो. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि मावळता सूर्य पाहत आमच्या किती पिढ्या वाढल्या. उरलेला निम्मा भाग पाहायला मी ब्रह्मदेशात गेले. परतल्यावर दोन्ही गावांचे फोटो एकाच अल्बममध्ये समोरासमोर लावले, आणि हा लेख त्या अल्बममधूनच सुचला.

पहिला फरक डोळ्यांत भरतो तो रंगाचा. रत्नागिरीचे फोटो ओले आहेत. तांबडी माती, शेवाळलेले गडगे, कौलांवरून निथळणारं पाणी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. मंडाले ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात येतं, तिथे सगळं वर्ष मिळून हजार मिलिमीटरही भरत नाही. फोटोंत धूळ, लख्ख ऊन आणि पिवळसर आभाळ. त्या कोरड्या मुलखातला राजा एप्रिल १८८६ मध्ये मद्रासहून आगबोटीने रत्नागिरीला आणला गेला आणि दोनच महिन्यांत कोकणातला पाऊस त्याच्यावर कोसळला असणार. मला त्याच्या कैदेची कल्पना पहिल्यांदा आली ती या दोन रंगांवरून.

रत्नागिरीच का, याचं उत्तर नकाशात आहे. इथे तेव्हा रेल्वे नव्हती, आणि ती यायला पुढे शंभरहून अधिक वर्षं लागली. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आणि पावसाळ्यात बंदर बंद. ज्याला लोकांच्या नजरेआड ठेवायचं त्याला ठेवायला याहून सोयीची जागा सरकारला कुठे मिळणार? पुढे १९२४ ते १९३७ सावरकरांनाही याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं, त्यामागेही हाच हिशेब असावा.

राजाचं राज्य गेलं त्याच्या मुळाशी सागवान होतं, हे फार लोकांना माहीत नसतं. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातल्या जंगलांतून सागाचे ओंडके काढत असे. कंपनी ओंडके कमी दाखवून पैसे बुडवते, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने तिला मोठा दंड केला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. फ्रेंच तिथे पाय रोवतील ही धास्ती त्यांना होतीच. नोव्हेंबर १८८५ मध्ये युद्ध सुरू झालं आणि दोन आठवड्यांत संपलं. २९ नोव्हेंबरला राजा, राणी सुपयालत आणि लहान मुली इरावतीच्या काठी आगबोटीत बसवल्या गेल्या.

म्हणून आमच्या थिबा राजवाड्यात गेलं की मी आधी लाकूड पाहते. तीन मजली तांबडी इमारत, उतरती छपरं, आणि वरच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांवर कोरीव लाकूडकाम. पाहुणे बहुधा इमारतीसमोर उभे राहून फोटो काढतात आणि निघतात. माझं सांगणं असं, की आता राजवाड्यात जे प्रादेशिक संग्रहालय आहे ते सावकाश पाहा, परवानगी विचारून घ्या, आणि खिडकीचा फोटो आतून काढा. बाहेरचा उजेड कोरीवकामातून आत येतो तेव्हा नक्षीची खोली कळते. बिजागऱ्या, कड्या, जिन्याचे कठडे, छपराचे जोड, यांचेही फोटो काढा. यामागचं कारण मंडालेत आहे.

मंडालेचा किल्ला पाहून छाती दडपते. प्रत्येक बाजू सुमारे दोन किलोमीटरची, असा बरोबर चौकोन, बारा वेशी आणि भोवती रुंद खंदक. थिबाचे वडील मिंडॉन यांनी १८५७ मध्ये हे नवं शहर वसवायला घेतलं. परदेशी पाहुण्याला पूर्वेच्या वेशीतूनच आत सोडतात, आणि ठरलेल्या वाटेवरून थेट राजवाड्याकडे जावं लागतं. बाकीचा परिसर लष्कराकडे आहे. मधोमध लालसोनेरी, थरावर थर चढत गेलेल्या छपरांचा राजवाडा उभा आहे. फोटो छान येतात. पण जवळ जाऊन हात लावला की कळतं, हे काँक्रीट आहे आणि छपरावर पत्रा आहे. सागवानी मूळ राजवाडा मार्च १९४५ मध्ये, जपानी फौजेकडून मंडाले परत घेण्याच्या लढाईत जळून गेला. आज दिसतो तो १९९०च्या दशकात पुन्हा बांधलेला. जुन्यातला उंच टेहळणी मनोरा उरला आहे. इंग्रजांची फौज येताना राणी सुपयालत त्यावर चढून पाहत होती, असं सांगतात.

खरं जुनं लाकूड पाहायचं तर किल्ल्याबाहेर श्वेनांडॉ मठात जायचं. ही वास्तू मुळात राजवाड्याचाच भाग होती. १८७८ मध्ये मिंडॉन राजाचं निधन त्यात झालं. थिबाने ती सुटी करून किल्ल्याबाहेर नेली, पुन्हा उभारली आणि मठाला दिली. तिथून हलवल्यामुळेच ती आगीतून वाचली. सिंहासनाचंही तसंच झालं. दरबारात अनेक सिंहासनं होती. त्यांतलं एक सिंहासन इंग्रजांनी कलकत्त्याच्या संग्रहालयात नेलं होतं. बाकीची राजवाड्याबरोबर जळाली. कलकत्त्याचं मात्र १९४८ मध्ये, ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर परत गेलं आणि आज ते रंगूनला पाहायला मिळतं. श्वेनांडॉत मी बराच वेळ थांबले. भिंतीवरचा सोन्याचा मुलामा बहुतेक गेला आहे, पण प्रत्येक फळीवर माणसं, पानं, वेली कोरलेल्या आहेत. उघड्या लाकडाला ऊन लागलं की ते मधासारखं दिसतं. इथे काढलेले फोटो मला अल्बममधले सर्वांत मोलाचे वाटतात.

जळालेला राजवाडा मग आज आपल्याला कसा माहीत आहे? फोटोंमुळे. या फोटोंची कहाणी मला राजाच्या कहाणीइतकीच ओढून घेते. १८५५ मध्ये इंग्रजांचं शिष्टमंडळ आव्याच्या, म्हणजे ब्रह्मी राजाच्या, दरबारी गेलं, त्याच्याबरोबर लिनेयस ट्राइप नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी फोटो काढायला होता. मंडाले तेव्हा वसलंही नव्हतं, राजधानी शेजारच्या अमरापुरात होती. मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्हवर, ढगाळ हवेत त्याने देवळं, पूल, मठ टिपले. कागदावर आभाळ कोरं येई, म्हणून निगेटिव्हवर हाताने ढग रंगवले. तरीही इमारतींच्या बाबतीत त्याचे फोटो इतके बारकाईचे आहेत, की कुठली कमान कशी वळते ते आजही मोजता यावं.

दुसरा विलोबी वॉलेस हूपर. १८८५च्या स्वारीबरोबर तो गेला. फाशी किंवा गोळी घालण्याच्या क्षणाचा फोटो मिळावा म्हणून त्याने ज्या तऱ्हेने कॅमेरा लावला, त्याचा बोभाटा लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेला. माणसाच्या मरणाला फोटोसाठी थांबवणारा हा कॅमेरा आठवला की आजही अंगावर काटा येतो. अनोळखी मुलुखात कुणाच्या दुःखासमोर कॅमेरा उचलताना हूपरची आठवण ठेवावी. तिसरा फेलिचे बेआतो. १८५८ मध्ये लखनौच्या उद्ध्वस्त सिकंदरबागेचे फोटो काढणारा हाच. म्हातारपणी त्याने मंडालेत स्टुडिओ आणि दुकान थाटलं, आणि प्रवाशांना राजवाड्याचे, बाजाराचे, ब्रह्मी स्त्रियांचे फोटो विकले. प्रवाशांनी आठवण म्हणून विकत घेतलेले ते फोटो आज संशोधकांचा आधार आहेत.

टिळकांचा तुरुंग मात्र पाहता आला नाही. तो किल्ल्याच्या आतच होता. लाकडी फळ्यांची बराक, उन्हाळ्यात भट्टी आणि फटींतून येणारी धूळ, असं तिचं वर्णन वाचलेलं. टिळकांच्या आधी १९०७ मध्ये लाला लजपतराय, पुढे १९२५ ते १९२७ सुभाषबाबू याच मंडालेत कैदेत होते. पाहुण्यांना ठरलेली वाट सोडता येत नाही, म्हणून अल्बममध्ये त्या पानावर मी खंदकाच्या पाण्याचा फोटो लावला आहे आणि शेजारी रत्नागिरीच्या टिळक आळीतल्या त्यांच्या जन्मघराचा. उतरती कौलं, अंगण, आटोपशीर खोल्या. जून १९१४ मध्ये टिळक सुटून आले. थिबाला सुटका मिळाली नाही. डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच गेला.

रंगूनमध्ये दोन ठिकाणं चुकवू नयेत. एक शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याचा दर्गा. इंग्रजांनी त्याला १८५८ मध्ये दिल्लीतून ब्रह्मदेशात पाठवलं आणि १८६२ मध्ये तो तिथेच वारला. हद्दपारीआधी दिल्लीच्या कैदेत काढलेला त्याचा फोटो आहे. पलंगावर टेकलेला, डोळे थकलेले. दुसरं ठिकाण श्वेडगॉन पॅगोड्याजवळची सुपयालतची समाधी. राजाच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये कुटुंबाला परतायची परवानगी मिळाली. राणी रंगूनपर्यंत पोहोचली, आणि मंडाले पुन्हा न पाहता १९२५ मध्ये वारली. राजाची समाधी रत्नागिरीत, शिवाजीनगर भागात आहे. तिथे २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन येऊन गेले, आणि २०१६ मध्ये राजाच्या शंभराव्या स्मृतिदिनाला त्याचे वंशज आणि भिक्षू जमले.

एक धागा मात्र इथेच राहिला. राजाच्या थोरल्या मुलीला त्यांच्या घरावरच्या एका मराठी पहारेकऱ्यापासून १९०६ मध्ये मुलगी झाली, टूटू. थोरली राजकन्या पुढे ब्रह्मदेशातून रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. टूटू मराठी बोलत, कष्ट करत, गरिबीत जगल्या आणि २००० साली गेल्या. ब्रह्मी राजाची नात रत्नागिरीची झाली, हे मला या सगळ्यात सर्वांत आपलं वाटतं.

२८ मार्च २०२५ला मंडालेजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. किल्ल्याच्या भिंतीचे काही भाग कोसळले. बातमी आली तेव्हा मी अल्बम काढून ते फोटो पुन्हा पाहिले. यादवी चालू असल्याने आता तिकडे सहज जाता येत नाही. जे पाहून आलेत त्यांच्या फोनमध्ये भिंतीचे, वेशींचे फोटो असतील. त्यांवर तारीख आणि जागा लिहून ठेवावी.

आणि एक विनंती. नोकरी-व्यापाराला ब्रह्मदेशात गेलेल्या हिंदी लोकांत मराठी माणसंही होती. १९४२ मध्ये जपानी फौजा आल्यावर लाखो लोक, कित्येक तर पायी, भारतात परतले. मोठं सामान त्यांना टाकून यावं लागलं, पण एखादा फोटो जवळ ठेवणारे असतीलच. कोकणातल्या कुठल्या घरात जुन्या ट्रंकेत मंडालेच्या राजवाड्यापुढे काढलेला, १९४५ पूर्वीचा फोटो असेल तर घरातल्या जाणत्या माणसाला विचारून त्याच्या मागे नाव आणि साल पेन्सिलीने लिहा, आणि थिबा राजवाड्यातल्या संग्रहालयाला एकदा तरी दाखवा.