थंडीने दिलेला ताण

सकाळी 6.30

सूर्य उगवायला अजून अर्धा-पाऊण तास आहे. गच्चीवर दिवा न लावताच जाते, पावलांना बोन्सायच्या कुंड्यांच्या जागा पाठ आहेत. ओट्याच्या उंचीवर टांगलेला थर्मामीटर 3 अंश दाखवतो. फेब्रुवारीचा पहिला आठवडा आहे आणि आकाश रात्रभर निरभ्र होतं. अशा रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि उजाडण्याच्या आधीची ही वेळ सगळ्यांत गार असते.

भिंतीलगत गोणपाटाखाली वड, पिंपळ, जेड आणि ॲडेनियम आहेत. ही उष्ण मुलखातली मंडळी. त्यांची पानं चाचपते. काळी, मऊ पडलेली एकही नाही. तुती, डाळिंब, नासपती आणि आडू (पीच) मात्र ओट्यावर उघडेच उभे आहेत. अंगावर एक पान नाही, फांद्यांवर दव चमकतंय.

साताऱ्याहून चंदीगडला आले, त्या पहिल्या हिवाळ्यात मी सगळ्याच कुंड्या घरात घेतल्या होत्या. खोलीच्या उबेत तुतीने डिसेंबरातच फिकट, लांबट फुटवे काढले. फेब्रुवारीत बाहेरची झाडं जागी झाली तेव्हा तिच्याकडे काही शिल्लक उरलं नव्हतं. ती गेली. मी तिची झोप मोडली होती.

सकाळी 8

चहा झाल्यावर भिंग घेऊन फांद्यांवरचे डोळे तपासते. तुतीचे डोळे फुगलेत, टोकाशी हिरवी रेघ दिसते, पण पान उघडलेलं नाही. कुंडी बदलायची हीच वेळ. मुळांत काम सुरू झालेलं असतं आणि पानांची तहान अजून लागलेली नसते. दहा दिवसांनी पानं उघडली, की मुळांची छाटणी झाडाला झेपत नाही. नासपतीचे डोळे अजून घट्ट मिटलेत, तिची पाळी नंतर. कॅलेंडर पाहून कुंडी बदलायची नसते, डोळा पाहून बदलायची.

सकाळी 10

ऊन ओट्यावर आलं. आता पाणी. हिवाळ्यात मी संध्याकाळी झारी हातात घेत नाही, कारण ओली गार माती रात्रभर मुळांना धरून बसते. बोट मातीत खुपसून पाहते. कोरडं लागलं तरच पाणी. पानगळ झालेल्या झाडांना थोडं, वडाला त्याहून थोडं जास्त, ॲडेनियमला अजिबात नाही. धुक्याचे दिवस असले तर तीन-तीन दिवस झारी कोपऱ्यात असते.

सकाळी 11

नर्सरी. नवीन झाडं निवडायची आहेत. रोपांच्या रांगेत गेले, की मी आधी शेंडा बघत नाही, खाली वाकते. बोटांनी वरची माती सारून बुंध्याचा पाया बघते. मुळं चहूबाजूंनी पसरली आहेत का? बुंधा खाली जाड आणि वर निमुळता होत जातो का? पहिली फांदी खालून निघाली आहे का? वाकडंतिकडं, वाढ खुंटलेलं म्हणून मागे सारलेलं रोप पुष्कळदा आपल्या कामाचं असतं. तीन डाळिंबं आणि एक तुती घेतली. चारही काटक्यांसारखी उघडी. नखाने साल किंचित खरवडली, आत ओली हिरवी रेघ निघाली. जिवंत आहेत.

जपानी मेपल आणि पांढरा पाइन मागणारे लोक इथेही येतात. चित्रं जपानची असतात, म्हणून मागणीही तशीच. सुमारे 1900 मीटर उंचीवरच्या कसौलीत त्यांचा विचार करता येईल. चंदीगड जेमतेम 320 मीटरवर आहे. इथे जानेवारीची पहाट हाडं गारठवते आणि जूनची दुपार चाळीस अंशांच्या वर जाते. त्या दुपारी मेपलची पानं कडेने करपतात. मग आठ-नऊशे मिलिमीटरहून अधिक पाऊस. इथल्या झाडाला तिन्ही सोसता आली पाहिजेत. एम. एस. रंधावा या वनस्पतिशास्त्रज्ञाने या शहराच्या रस्त्यांसाठी झाडं निवडण्यात पुढाकार घेतला. कोणत्या रस्त्याला कोणतं झाड शोभेल आणि टिकेल, हे विचारूनच इथल्या रांगा लागल्या. तोच प्रश्न वीतभर कुंडीलाही विचारायला हवा.

दुपारी 12.30

चंडीमंदिरच्या छावणीतून एक मुलगी घरी आली. माहेर कोल्हापूर, नवरा सैन्यात. हातात ज्युनिपरची कुंडी.

“काकू, हे घरात ठेवायचं झाड म्हणून दिलं होतं. आठवड्यापर्यंत हिरवंगार होतं, आता अचानक तांबूस पडलं.”

फांदी वाकवली, ती कटकन मोडली. साल खरवडली, आत कोरडा तपकिरी रंग. तिला खरं ते सांगितलं. ज्युनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो. हा केव्हाच गेला होता. त्याला ऊन, वारा आणि थंडी लागते. दिवाणखान्यात यातलं काहीच नव्हतं. जपानमध्ये ओमिया नावाची बोन्सायची वस्तीच आहे, 1923च्या भूकंपानंतर टोकियोहून आलेल्या माळ्यांनी 1925मध्ये वसवलेली. तिथली ज्युनिपर आणि पाइनची झाडं बारा महिने उघड्यावरच वाढतात.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्यापुढे सकाळचं एक डाळिंब ठेवलं.

“हे तर वाळलंय, काकू.”

“आपल्याकडे डाळिंबवाले आंबिया बहार कसा धरतात गं?”

“पाणी तोडतात. ताण देतात. पानं गळली, की मग छाटणी करून पाणी सोडतात.”

“इथे तो ताण थंडी देते.”

ती हसली. शेतकऱ्याची मुलगी, पुढचं सांगावं लागलं नाही. दोन वर्षांनी बदली होणार, जैसलमेर की पुणे माहीत नाही. डाळिंब दोन्हीकडे निभावेल. डाळिंब तिने पदराखाली धरल्यासारखं नेलं.

दुपारी 2.30

तुतीची कुंडी बदलायची. कालपासून पाणी दिलं नव्हतं, त्यामुळे मुळांचा गड्डा अखंड निघाला. लाकडी काडीने कडेपासून माती मोकळी केली. गोल फिरलेली लांब मुळं कापली, एकूण मुळांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नाही. बारीक, केसाळ मुळांना हात लावला नाही; झाड पाणी पितं ते त्यांनी. ट्रेच्या भोकांवर जाळी, त्यावर विटांचे चाळलेले तुकडे, भरड वाळू आणि थोडं गांडूळखत. विटांची भुकटी चाळून टाकलीच पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि मुळं कुजतात. झाड तारेने ट्रेला बांधलं. हललं तर नवी मुळं तुटतात. मग खालून स्वच्छ पाणी वाहीपर्यंत झारी.

फांद्यांना आज तार नाही. मुळं छाटली त्या दिवशी फांद्या पिळायच्या नाहीत. एका वेळी एकच जखम. आकाराचं काम मे-जूनमध्ये बघू, तेही झाड जोमाने वाढलं तरच.

संध्याकाळी 5.30

ऊन गेलं, वारा पडला. आकाश पुन्हा निरभ्र. वड, पिंपळ, जेडवर गोणपाट चढवलं. फक्त आज कुंडी बदललेली तुती वाऱ्याच्या आड, भिंतीशी नेली. कापलेल्या मुळांना पंधरा-वीस दिवस कडाका नको. बाकीची उघडीच.

रात्री 9

वहीत तारीख, पहाटेचं तापमान, तुतीच्या डोळ्यांची अवस्था आणि किती मुळं कापली ते लिहिलं. पुढच्या वर्षी निर्णय या वहीवरूनच होईल.

ज्यांना थंड मुलखात बोन्साय सुरू करायचं आहे, त्यांना माझी एक विनंती. झाड घेण्याआधी, ते जिथे ठेवणार तिथे एकदा जानेवारीच्या पहाटे आणि एकदा जूनच्या दुपारी स्वतः उभे राहा. त्या दोन्ही वेळा ज्याला सोसतील, असं तुमच्या आसपास वाढणारं, पानगळ होणारं एक साधं झाड निवडा. आणि हिवाळ्यात ते उघडंबोडकं झालं, तर घाबरून घरात आणू नका. त्याला झोपू द्या.