गेंड्या भुंग्याच्या डब्यात ओल किती ठेवावी?

पवनी तालुक्यात, आसगावसारख्या धानाच्या गावात, जुन्या शेणखताचा खड्डा उपसला की वळून बसलेल्या जाड पांढऱ्या अळ्या निघतात. त्यांत काही वेळा गेंड्या भुंग्याच्याही असतात. किती देखणा जीव! ही अळी पाळायची असेल तर हवेतल्या आर्द्रतेपेक्षा खतातली ओल सांभाळा. पूर्ण कुजलेलं, थंड झालेलं खत मुठीत दाबा. लाडवासारखा गोळा टिकला आणि बोटांतून पाणी आलं नाही, म्हणजे जमलं. पाणी निथळत असेल तर खतात हवा खेळत नाही, आणि अळी श्वास घेते अंगाच्या कडेच्या छिद्रांतून.

खरी कसोटी मे महिन्यात. पारा ४५ अंशांकडे जातो, खत झपाट्यानं सुकतं. कूलरच्या झोतात डबा ठेवू नका. मडकंही नको, ते पाझरतं. झाकणाला मोजकी बारीक छिद्रं पाडलेला प्लास्टिकचा डबा मला सर्वांत भरवशाचा वाटतो. पाणी कडेनं, तळाकडे सोडा. वरचा थर थोडा कोरडा राहिला तर चांगलंच, अळी हवी ती जागा शोधते. पावसाळ्यात छिद्रं वाढवा, बुरशी आलेलं खत काढून टाका. कोषावर पाणी शिंपडू नका. आणि भुंगा निघाल्यावर तो नारळाजवळ सोडू नका; झाडाचा कोवळा कोंब पोखरणारा हाच.