तिळाचा लाडू आणि ओली वाकळ

पौर्णिमेला नृसिंहवाडीत मुक्कामाला येताना एखादी आई पिशवीत मेणकापडही घालून आणते. पोर सात वर्षांचं झालं तरी अजून हातरूण ओलं करतं आणि भक्तनिवासातली गादी काही आपली नसते. पादुकांपुढे गाऱ्हाणं घालून होतं, अंगारा लावून होतो. मग शेजारची बाई हमखास सांगते, ‘काळ्या तिळाचा गूळ घालून लाडू दे, थांबतंय बघ.’ हल्ली याच सल्ल्याला नवं नाव मिळालं आहे : ‘मिनरल कमी पडलेत.’ मग घरात कॅल्शियमचं नाहीतर मॅग्नेशियमचं टॉनिक येतं.

लाडवाशी भांडण नाही. अख्ख्या तिळात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह तिन्ही भरपूर असतात. पण त्यानं रात्रीची लघवी थांबते, असा भक्कम पुरावा नाही. श्रेय मात्र लाडवालाच जातं, कारण हा त्रास बहुतेकदा आपोआप जातो. पाचव्या वर्षी शंभरातली साधारण १५ मुलं अंथरूण ओलं करतात. पुढे दरवर्षी अशा मुलांपैकी जवळपास १५ टक्के औषधाविनाच कोरडी होतात.

रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं आणि लघवी कमी तयार होते. काही मुलांत ही घडी उशिरा बसते. काहींचं मूत्राशय थोडं भरलं तरी आकसतं आणि झोप मात्र मोडत नाही. घराण्याचा वाटाही मोठा असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के; दोघांना असेल तर ७७. आजीला विचारून बघा, रागावणाऱ्या बापाचीच जुनी गोष्ट बाहेर येईल.

कॅल्शियमची तर उलटीच तऱ्हा. काही अभ्यासांत अशा मुलांपैकी काहींच्या रात्रीच्या लघवीत कॅल्शियम जास्तच सापडलं. यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, तरी तपासणीशिवाय गोळ्या सुरू करायचं कारण नाही. मॅग्नेशियमच्या काही क्षारांनी पोट साफ होतं. टॉनिकनं एखाद्याला गुण आलाच असेल, तर तो कदाचित याच वाटेनं, कारण बद्धकोष्ठ हे या त्रासाचं फार दुर्लक्षित कारण आहे. खडा साचून फुगलेलं मलाशय पुढच्या मूत्राशयाला दाबतं. शाळेतल्या अस्वच्छ संडासामुळे मुलं दिवसभर धरून बसतात, पाणीही टाळतात आणि संध्याकाळी तांब्यामागून तांब्या रिकामा करतात. ताटातली कृष्णाकाठची वांगी बाजूला सारून पेढ्यावर आणि बिस्किटांवर भागवलं, तर पोट घट्ट होणारच.

लोहाचा प्रश्न मात्र खरा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ६९ टक्के बालकांत रक्त कमी आढळलं. वाडीत दुधाला तोटा नाही, पण दुधात लोह नावापुरतंच असतं. शाळेतली आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी द्यायलाच हवी, मात्र ती रक्तासाठी. तिनं हातरूण कोरडं होईल अशी आशा धरू नये. शिवाय लोहानं पोट घट्ट होऊ शकतं, तिकडे लक्ष ठेवावं.

सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं तर गोष्ट वेगळी. २०१९ च्या महापुरात लागलं तसं घर सोडावं लागणं, भीती, शाळेतला जाच, जंतुसंसर्ग, यांतलं काहीही त्यामागे असू शकतं.

दिवसा पाणी भरपूर, झोपण्याआधीचे दोन तास बेताचं, निजण्यापूर्वी लघवी आणि रोज पोट साफ, एवढं आधी करा. वयाच्या सहा-सात वर्षांनंतरही थांबलं नाही, तर ओल लागताच वाजणारा गजर आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळीही आहे. मार आणि चारचौघांत टोमणे यांनी त्रास वाढतो, थांबत नाही.

लघवीला जळजळ, दिवसाही कपडे ओले होणं, पायात अशक्तपणा किंवा मोठ्यानं घोरणं दिसलं, तर डॉक्टरांना दाखवा. आणि पोराला सारखी तहान लागत असेल, वजन उतरत असेल, तर लाडू वळत बसू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्तातली साखर तपासून घ्या. लहान मुलांचा मधुमेह असाच सुरू होतो.