नभोवाणीचा परवाना आणि झाडाची फळे



नभोवाणी केंद्राची यंत्रे मालकाची असतात, मनोरा त्याचा असतो, इमारतही त्याचीच असते. परंतु ज्या लहरींवरून त्याचा आवाज घरोघरी पोहोचतो, त्या मात्र त्याच्या नसतात. एकाच लहरीवर दोन केंद्रे बोलू लागली तर कोणाचेच धड ऐकू येत नाही. म्हणून शासन त्या वाटून देते, आणि त्याही ठरावीक मुदतीपुरत्या. मुदत सरली की परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. बहुधा शुल्क भरले, शिक्का बसला, की काम होते. परंतु केव्हा केव्हा हा साधा अर्जच केंद्राच्या जन्ममरणाचा प्रश्न होऊन बसतो.

अमेरिकेत १९२७ च्या रेडिओ कायद्याने परवान्यासाठी लोकहित, लोकांची सोय व गरज ही कसोटी घातली. त्याच कायद्याने शासनाला कार्यक्रमांची आगाऊ छाननी करण्यास मनाई केली. मग भल्याबुऱ्याचा निवाडा करावयाचा तरी कसा?

या प्रश्नाची परीक्षा कान्सास राज्यातील मिलफर्ड या लहानशा गावाने घेतली. तेथे जॉन ब्रिंक्ले नावाचे एक डॉक्टर बोकडाच्या ग्रंथी माणसाच्या शरीरात बसवून गेलेले पौरुष परत आणण्याचे आश्वासन देत. १९२३ मध्ये त्यांनी केएफकेबी हे केंद्र उभारले. त्यावरून ते दिवसातून तीन वेळा, अर्धा अर्धा तास, 'वैद्यकीय प्रश्नपेटी' उघडीत. रोगी पत्र लिही, खाली नावाऐवजी खुणेची सही करी. डॉक्टरसाहेब त्याला न पाहता, न तपासता रोगाचे निदान करीत आणि ध्वनिक्षेपकावरूनच औषध सांगत. ते औषध त्यांच्या मंडळातील दुकानदाराकडूनच घ्यावयाचे, आणि प्रत्येक विक्रीमागे डॉक्टरांना हिस्सा मिळावयाचा! नाडी न पाहता औषध देणारा वैद्य आपल्याकडेही नवा नाही; पण त्याचा आवाज गावाची वेस ओलांडून इतका दूर जात नसे.

१९३० च्या जून महिन्यात रेडिओ आयोगाने नूतनीकरण नाकारले, तेही तिघांविरुद्ध दोघे अशा निसटत्या मताने. डॉक्टर न्यायालयात गेले व ही सेन्सॉरशिपच आहे, असे त्यांनी म्हटले. १९३१ मध्ये न्यायालयाने ते अमान्य केले. उद्या काय बोलावे हे आयोग सांगत नाही. काल काय केले एवढेच तो पाहतो, असा निकालाचा आशय होता. झाडाची ओळख त्याच्या फळांवरून होते, या मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचनाचा आधार न्यायाधीशांनी तेथे घेतला. डॉक्टर मात्र मेक्सिकोच्या सरहद्दीपलीकडे गेले आणि तेथील नव्या केंद्रावरून पुन्हा बोलू लागले.

हा निर्णय मनाला पटतो. त्यापाठोपाठचा दुसरा मात्र अस्वस्थ करतो. लॉस एंजेलिस येथील रॉबर्ट शुलर हे धर्मोपदेशक आपल्या चर्चच्या केंद्रावरून नगराधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर तुटून पडत, आणि त्याच जोमाने ज्यू व कॅथॉलिक लोकांवरही. १९३१ मध्ये त्यांनाही नूतनीकरण नाकारण्यात आले व १९३२ मध्ये न्यायालयाने ते उचलून धरले. मी स्वतः कॅथॉलिक आहे. त्यांची भाषणे मला खचितच रुचली नसती. तरीसुद्धा शासनावर टीका करणाऱ्याचे तोंड नूतनीकरणाच्या निमित्ताने बंद होऊ शकते, ही भीती मला खोटी वाटत नाही. न तपासता दिलेल्या औषधाने रोग्याची हानी होते, हे दाखवून देता येते. कडवट मताने किती हानी झाली, हे कोणत्या मापाने मोजावयाचे?

पुढे या प्रक्रियेत श्रोत्यालाही स्थान मिळाले. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथील एका दूरचित्रवाणी केंद्रावर कृष्णवर्णीयांविषयी पक्षपाताचा आरोप होता. १९६६ मध्ये न्यायालयाने ठरविले की, पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या जनतेच्या जबाबदार प्रतिनिधींनाही नूतनीकरणाविरुद्ध आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे. तोवर हा हक्क बहुधा प्रतिस्पर्धी केंद्रांनाच होता. आता तेथे परवान्याची मुदत आठ वर्षांपर्यंत असते, आणि अर्ज दाखल होताच केंद्राला आपल्या श्रोत्यांना तसे जाहीर कळवावे लागते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ मध्ये या लहरी सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले आहे. मालमत्ता आपली म्हटल्यावर, ती वापरणाऱ्याचा हिशेब मुदतीअखेर मागण्याचा अधिकारही आपलाच आहे.