बाळंतिणीचं नैराश्य: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाळंतिणीच्या खाण्यापिण्याची आपल्याकडे केवढी काळजी घेतात! अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मालिश, शेक, सगळं वेळच्या वेळी. पण तीच बाळंतीण रात्रभर टक्क जागी असते, ताटातलं अन्न नुसतं चिवडते, बाळ रडलं तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहते, तेव्हा ‘होईल हळूहळू’ म्हणून विषय संपतो. हा आजार आहे आणि तो उपचारांनी बरा होतो. अंगावर काढला, तर मात्र त्याची झळ अख्ख्या घराला लागते.

गैरसमज: बाळंतपणानंतर रडू येतंच, आपोआप थांबतं.

वस्तुस्थिती: हे अर्धंच खरं आहे. पहिल्या आठवड्यात उगीच डोळे भरून येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून अधिक जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही उदासी हटत नसेल, बाळ झोपलेलं असतानाही आईचा डोळा लागत नसेल, ‘मी वाईट आई आहे’ हेच मनात घोळत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या मातांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के जणींना नैराश्य होतं आणि सहा महिन्यांनीही त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी आजारीच होत्या.

गैरसमज: हे शहरातल्या शिकलेल्या मुलींचे चोचले. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

वस्तुस्थिती: तेव्हाही होतं, पण कुणी विचारत नव्हतं. भारतातल्या 38 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये आला, त्यात बाळंतिणींमधल्या नैराश्याचं प्रमाण सुमारे 22 टक्के निघालं. गोव्यातल्या अभ्यासात गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणं दिसली. मुलगी झाली की मुलगा, याचाही परिणाम दिसला. नैराश्य आलेल्यांपैकी 78 टक्के जणींना मानसिक त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता.

गैरसमज: त्रास आईला. तान्ह्या बाळाला काय कळतंय?

वस्तुस्थिती: बाळाला कळतं आणि ते वजनकाट्यावरही दिसतं. गोव्यातल्याच मातांच्या बाळांची सहा महिन्यांनी तपासणी झाली. आईला नैराश्य असलेल्या बाळांपैकी 30 टक्के कमी वजनाची होती, इतर बाळांमध्ये हे प्रमाण 12 टक्के होतं. बौद्धिक वाढीतही फरक दिसला. भूक ओळखणं, पुन्हापुन्हा पाजणं, हुंकाराला हुंकार देणं यासाठी लागणारी उमेदच हा आजार हिरावून घेतो. यात आईचा दोष नाही. आई आजारी असेल, तर वडिलांनाही नैराश्य येण्याची शक्यता वाढते.

गैरसमज: मनाची औषधं सुरू केली की दूध तोडावं लागतं.

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा लागत नाही. सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फारच कमी उतरतं, त्यामुळे डॉक्टर ते स्तनपान चालू ठेवूनही देतात. मनाने गोळी घेऊ नये आणि मनाने बंदही करू नये. आजार सौम्य असेल, तर समुपदेशनानेही आराम पडतो. गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या सामान्य स्त्रिया नैराश्य असलेल्या गरोदर बायकांशी बाळंतपणानंतरही बोलत राहिल्या, त्या गटात बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण जास्त आढळलं.

गैरसमज: भास होतात, असंबद्ध बोलते, म्हणजे बाहेरचं काहीतरी लागलंय.

वस्तुस्थिती: हजारात एक-दोन जणींना होणारा हा वेगळा, गंभीर आजार आहे. अंगारे-धुपारे करण्यात एक दिवसही घालवू नका. तिला एकटं न सोडता लगेच रुग्णालयात न्या.

गैरसमज: आत्महत्येबद्दल विचारलं, तर नको ते डोक्यात येईल.

वस्तुस्थिती: विचारल्याने तसं होत नाही, उलट तिला बोलायला वाट मिळते. विचारायला संधीही मिळतात: आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी येतात आणि दीड महिन्याच्या लसीला दवाखान्यात जाणं होतंच. तेव्हा बाळाच्या वजनाबरोबर आईच्या झोपेची, भुकेची आणि मनाचीही चौकशी करा. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत, मराठीतही बोलता येतं. तिने स्वतः फोन करावा याची वाट पाहू नका. नवऱ्याने, आईने किंवा सासूने लावला तरी चालतो.