भरायचं नाही

तीस वर्षं मी पाट्या रंगवल्या. किराणा, टेलरिंग, ग्रामपंचायत. आमच्या धंद्यात अक्षर लिहीत नाहीत, काढतात. पत्र्यावर खडूचा दोरा मारायचा, अक्षराची बाहेरची रेषा ओढायची, मग आत इनॅमल भरायचा. चुकलं तर टर्पेंटाइनचं फडकं आहेच. म्हणून वू चांगशुओ या चिनी चित्रकाराबद्दल वाचायला घेतलं आणि पहिल्याच पानावर अडखळलो. हे गृहस्थ चित्र काढत नव्हते, लिहीत होते.

चीनमध्ये अशा मोकळ्या शाईचित्राला ‘शिए-यी’ म्हणतात; त्यातल्या ‘शिए’चा अर्थच लिहिणं. संस्कृतातही चित्राला आलेख्य म्हणत, आणि उषेला अनिरुद्धाचं चित्र काढून देणारी सखी होती चित्रलेखा. आपल्याकडे शब्द तेवढे राहिले.

वू यांचा जन्म 1844चा, झेजियांग प्रांतातल्या आन्जीचा. सोळा-सतराव्या वर्षी ताइपिंग बंडाची धामधूम गावापर्यंत आली. उपासमारीत घरची बहुतेक माणसं गेली, बाप-लेक उरले. वडिलांना शिक्के कोरता येत. मुलगाही दगड आणि छिन्नी घेऊन बसला. पुढे किरकोळ सरकारी नोकऱ्या केल्या. त्यांचे मित्र रन बोनियन यांनी 1888मध्ये त्यांचं एक चित्र काढलं, ‘दरिद्री अधिकारी’ म्हणावं असं: ऐन उन्हाळ्यात जाडजूड दरबारी पोशाखात हात जोडून उभे, घामेजलेले. मित्रानं काढलेलं, म्हणून चालून गेलं! 1899मध्ये आन्दोंगची अंमलदारी मिळाली, ती महिन्याभरात सोडली. त्यावरही त्यांनी शिक्का कोरला: एक महिन्याचा आन्दोंगचा अंमलदार.

पण खरी नोकरी त्यांनी केली ती दहा दगडांची. छिन राज्याच्या काळातले, दोन हजारांहून अधिक वर्षं जुने, ढोलाच्या आकाराचे हे दगड आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहेत. त्यांवर शिकारीच्या आणि मासेमारीच्या कविता कोरलेल्या. मधल्या काळात कुणीतरी त्यातला एक दगड वरून पोखरून चक्क उखळ केलं, एकावर तर एकही अक्षर उरलेलं नाही. या अक्षरांचे कागदी ठसे समोर ठेवून वू ती गिरवत बसले, दोन-चार महिने नव्हे, कित्येक दशकं. हुबेहूब नक्कल मात्र नव्हे. मूळ अक्षर ताठ, सममित. वूंचं डावीकडे खचलेलं, उजवीकडे चढलेलं. उतारावर पाय रोवून उभ्या माणसासारखं.

या लिपीत कुंचला उभा धरतात. टोक रेषेच्या मधोमध चालतं, त्यामुळे दोन्ही कडा सारख्या आणि रेषा तारेसारखी गोल. आम्ही ब्रशच्या कडेवर जगलो, हे टोकावर. शिवाय चिनी शुआन कागद शाई लगेच पितो. हात थबकला की डाग, दुसरा हात फिरवला की तो वेगळा दिसणार. भरायचं नाही, पुसायचं नाही.

चित्राकडे ते उशिरा वळले, तेव्हा मनगटात हे सगळं मुरलेलं होतं. त्यांची प्लमची फांदी पाहा. झाडाची फांदी अशी एका जाडीची नसते, पण दगडातल्या अक्षराची रेघ असते. विस्टेरियाचे वेल मात्र वेगळे, घाईच्या जोडलिपीसारखे एकमेकांत गुंतत, सुटत, कागदाबाहेर जाणारे. मध्येच शाई संपून कोरडी, खरखरीत पांढरी रेघ उमटते. दगडाचा टवका उडावा तशी. शिक्के कोरताना ते बोथट छिन्नी वापरत, कडा ठोकून-घासून मुद्दाम मोडत. तीच मोडतोड कुंचल्यात उतरली, असं मला वाटतं.

चित्रात एका बाजूला अक्षरांचा उभा स्तंभ असतो. आपण त्याला सही समजून सोडून देतो. तो बोटानं झाकून पाहा, फांदी एका अंगाला कलंडते. अक्षर तिथं खांब म्हणून उभं केलेलं आहे, आणि खाली शेंदरी शिक्का.

त्यांनी परदेशी भडक लाल रंगही बेधडक वापरला. नाजूक चवीच्या रसिकांना तो गावठी वाटला असेल. मला तो लगेच पटला. आमच्या पाट्यांचा लाल तसाच.

1913मध्ये हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठच्या शीलिंग मुद्रा-मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. 1927मध्ये शांघायमध्ये वारले. समाधी छाओशानला आहे, प्लमच्या झाडांत.

परवा मी जुन्या वर्तमानपत्रावर काळी शाई घेऊन एक फांदी लिहून पाहिली. कुंचला उभा धरला, भरलं नाही, पुसलं नाही. हिनं चहाचा कप ठेवता ठेवता वाकून पाहिलं.

“अहो, ही वेलांटी कुठल्या अक्षराची?”